एका बाजूने पिवळी ज्योत, काळी बुडं आणि 'फट्' आवाज: पाईपच्या गॅसवर आलेली जुनी शेगडी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: परळच्या चाळीतलं बिऱ्हाड पुनर्विकासानंतर एकविसाव्या मजल्यावर गेलं. मधली तीन वर्षं भाड्याच्या घरात काढली, तेव्हा जुनी तीन बर्नरची शेगडी गोणपाटात बांधून गावच्या माळ्यावर ठेवली होती. नव्या घरात सिलिंडरऐवजी पाईपचा गॅस आला आणि एका कारागिराने जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तोट्या, बदलून दिले. तेव्हापासून मोठ्या बर्नरची ज्योत एका बाजूने पिवळी जळते आणि टोपांची बुडं काळी होतात. मधला बर्नर व्यवस्थित निळा जळतो. छोटा बर्नर बंद करताना 'फट्' असा आवाज येतो. संध्याकाळी ज्योतीत केशरी ठिणग्या दिसतात. दोनदा बर्नर बदलले, फरक शून्य. आईंचं म्हणणं, एवढ्या वर गॅस नीट चढत नसणार. आणि शेवटचा प्रश्न: काकांच्या फरसाणाच्या भट्टीत लाकडाच्या भुशाचे पेलेट जळतात, तिथे पिवळीधमक ज्योत चांगली मानतात, मग घरातली पिवळी ज्योत वाईट कशी?

ताई, तुम्ही तीन तक्रारी एकत्र लिहिल्यात आणि कारागिरानेही त्या एकत्रच धरल्या. म्हणून दोनदा खर्च होऊनही हाती काही लागलं नाही. मोठ्या बर्नरला हवा कमी पडतेय. छोट्याला गॅस कमी पडतोय. ठिणग्यांचा शेगडीशी संबंध नाही. मी पस्तीस वर्षं लालबाग, परळ, शिवडी या पट्ट्यात शेगड्या दुरुस्त करतोय, त्या अनुभवावर हे सांगतो. पण कारणंही सांगतो, म्हणजे तुम्हाला स्वतः ताडून बघता येईल.

आधी आईंची शंका, कारण उंच इमारतीत गेलेल्या प्रत्येक घरात ती मला ऐकू येते. पाण्याची टाकी डोळ्यांसमोर असते, त्यामुळे वर चढताना गॅसचाही दाब कमी होत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण पाईपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेनचं वजन हवेच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त. तो वर जायला आपणहून तयार असतो. शिवाय मीटरजवळ रेग्युलेटर असतो, तो शेगडीकडे जाणारा दाब २१ मिलिबारच्या आसपास ठेवतो. २१ मिलिबार म्हणजे साधारण वीतभर उंचीच्या पाण्याचा दाब. सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार देतो. दाबच कमी असता तर तिन्ही बर्नर एकसारखे मलूल झाले असते आणि बहुतेक शेजारच्या घरातही तीच रड असती. तुमच्याकडे मधला बर्नर व्यवस्थित निळा जळतोय असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे गॅस येतोय, पुरेसा येतोय.

आता मोठा बर्नर. शेगडीच्या पोटात काय घडतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. नॉब फिरवला की गॅस एका पितळी जेटमधून, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून, जोरात बाहेर पडतो. त्याच्या समोर थोडं अंतर सोडून नळीचं उघडं तोंड असतं. गॅसची धार त्या तोंडात शिरताना आजूबाजूची हवा सोबत ओढून नेते. ना पंखा, ना पंप. हवा ओढण्याचं सगळं काम ती धारच करते. नळीत हवा आणि गॅस मिसळतात, बर्नरच्या टोपीच्या भोकांतून बाहेर येतात आणि पेटतात. ज्योतीच्या आतला छोटा, टोकदार, गडद निळा शंकू दिसतो ना, तो या आधीच मिसळलेल्या हवेवर जळतो. बाहेरचं फिकट जांभळट आवरण स्वयंपाकघरातली हवा घेऊन उरलेलं काम पुरं करतं.

नळीत हवा कमी शिरली की आतला शंकू लांबतो, त्याची धार बोथट होते आणि टोक पिवळं पडतं. गॅसमधला कार्बन जळायला पुरेसा प्राणवायू वेळेत मिळत नाही, त्याचे अगदी बारीक कण तयार होतात आणि ते तापून पिवळे चमकतात. त्या पिवळ्या टोकाला थंड टोप टेकला की कण जळायच्या आधीच बुडाला चिकटतात. तुमच्या टोपांवरचं काळं म्हणजे हेच न जळलेलं इंधन, ज्याचे पैसे तुम्ही बिलात भरलेले आहेत.

इथे मिथेनबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. एक वाटी मिथेन पुरता जळायला साधारण साडेनऊ वाट्या हवा लागते. सिलिंडरच्या गॅसमधल्या प्रोपेनला चोवीसच्या आसपास, ब्युटेनला एकतीस. म्हणजे पाईपचा गॅस हवेच्या बाबतीत सोशिक आहे, काजळीही तो सहजासहजी धरत नाही. सिलिंडरवर थोडी पिवळी टोकं दिसली तर मी लगेच घाबरत नाही, पण पाईपच्या गॅसवर ठळक पिवळी ज्योत दिसली की नक्की काहीतरी अडलंय किंवा काहीतरी वाकडं बसलंय असं धरून चालतो.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे 'एका बाजूने'. नुसती हवा कमी असती तर सगळ्या गोलावर पिवळं दिसलं असतं. एकाच बाजूला दिसतंय तेव्हा दोन शक्यता राहतात. पहिली, जेटची धार सरळ जात नाहीये. ती नळीच्या भिंतीवर आपटतेय आणि हवा नीट ओढली जात नाही. दुसरी, नळीत किंवा बर्नरच्या पोटात एका बाजूला काहीतरी बसलंय.

पहिली शक्यता का, ते सांगतो. सिलिंडरचा जेट पाईपच्या गॅसला चालत नाही. पाईपच्या गॅसमध्ये घनफळाच्या मानाने उष्णता बरीच कमी आणि दाबही कमी, म्हणून तेवढीच आच मिळवायला जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट लागतं, म्हणजे व्यास साधारण दीडपटीच्या जरा आत. रीतसर काम म्हणजे जुना जेट काढून त्या बर्नरच्या मापाचा, पाईपच्या गॅससाठीच बनवलेला जेट बसवणं. पण काही कारागीर जुनाच जेट हातातल्या बारीक ड्रिलने मोठा करतात. पाच मिनिटांत काम होतं, गॅस पेटतो, गिऱ्हाईक खूश. हाताने मारलेलं भोक गोल राहत नाही, किंचित तिरकं जातं, कडेला पितळेचा बारीक कीस राहतो. एवढ्याशा भोकात केसाइतका तिरकेपणा म्हणजे पुढे नळीच्या तोंडापाशी धार पार एका कडेला. मी असे जेट भिंगाखाली बघितलेत. काहींचं भोक चिंचोक्यासारखं होतं. तुमचे जेट 'बदलले' की 'मोठे केले', हे कारागिराला स्पष्ट विचारा. आणि बर्नर दोनदा बदलूनही पिवळेपण जागच्या जागी राहिलं, तेव्हा दोष टोपीत नाही, खाली जेटमध्ये किंवा नळीत आहे, हे तुमच्या खर्चाने सिद्ध झालेलंच आहे.

दुसरी शक्यता मला तुमच्या घरात तितकीच दाट वाटते, कारण शेगडी तीन वर्षं माळ्यावर होती. कोकणातल्या, घाटावरच्या कुठल्याही माळ्यावर कुंभारीण माशी असते. तिला बोटभर रुंदीचं, अंधारं, कोरडं भोक दिसलं की ती मातीचं घरटं करते, आणि शेगडीची मिक्सिंग नळी तिला आयतंच घर. नायगावच्या एका घरात मी दोन तास जेट आणि कॉक तपासत बसलो होतो, काही सापडेना. शेवटी बर्नर उपटून नळी उलटी ठोकली तर सुपारीएवढं मातीचं ढेकूळ खाली पडलं, आत वाळलेल्या अळ्या. त्या दिवसापासून बंद पडून राहिलेली शेगडी समोर आली की मी आधी नळी बघतो. कोळ्याचं जाळंही पुरेसं असतं. ते हवा पूर्ण अडवत नाही, पण त्यावर धूळ आणि तेलाची वाफ बसून त्याचं गाळणं होतं. झुरळांची अंडी तर रोजच्या वापरातल्या शेगडीतही सापडतात.

हे तुम्ही स्वतः बघू शकता. शेगडीच्या मागचा कॉक बंद करा, शेगडी पूर्ण थंड होऊ द्या. जाळी आणि बर्नर उचलून घ्या. मोबाईलचा दिवा नळीच्या एका तोंडातून आत टाका आणि दुसऱ्या बाजूने बघा. नळी वाकडी असेल तर बाटली धुवायचा लांब ब्रश आत-बाहेर करा आणि काय निघतं ते कागदावर झटका. चिकट असेल तर बर्नर आणि सुटी होत असेल तर नळी गरम पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाने धुवा. चिंच-लिंबाने पितळ चकाकतं, पण भोकातला गाळ त्याने निघत नाही. त्यासाठी ब्रशच हवा. मग वाळवणं, आणि हे फार महत्त्वाचं. पावसाळ्यात मुंबईत काहीच लवकर वाळत नाही. ओला बर्नर बसवला की आतलं पाणी वाफ होऊन ज्योत फडफडते, पिवळी होते, आणि माणूस म्हणतो 'धुतल्यावर आणखी बिघडली'. उलटा ठेवून पंख्याखाली अर्धा दिवस जाऊ द्या.

जेट मात्र तुम्ही सुईने टोकरू नका. ही सवय प्रायमसची. आमच्या आधीच्या पिढीने रोज पिन मारून स्टोव्ह पेटवला. रॉकेलचा कार्बन भोकात धरायचा आणि पिन त्याच मापाची मिळायची. गॅसच्या शेगडीच्या पितळी जेटमध्ये शिवणाची सुई घातली की भोक पसरतं, आणि एकदा पसरलेलं भोक परत लहान होत नाही. जेट सोडवून उजेडासमोर धरायचा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. घाण असेल तर रॉकेलमध्ये भिजवून, पुसून, फुंकर मारून साफ करायचा. त्यानेही नाही झालं तर नवा. जेटची किंमत एवढी कमी असते की त्यात जोखीम घेण्यासारखं काही नाही.

आता छोट्या बर्नरचा 'फट्'. मला वाटतं हा भाग लोकांना सगळ्यात कमी समजलेला असतो, म्हणून थोडा वेळ घेतो.

ज्योत बर्नरच्या भोकावर स्थिर उभी दिसते, पण ती खरं तर दोन वेगांच्या रस्सीखेचीत उभी असते. खालून गॅस-हवेचं मिश्रण वर येतंय आणि ज्योत त्या मिश्रणात खाली धावायला बघतेय. मिथेन आणि हवेच्या चांगल्या मिश्रणात ज्योत साधारण सेकंदाला ४० सेंटीमीटर वेगाने पुढे सरकते. मिश्रण त्याहून जोरात येत असेल तोवर ज्योत भोकाच्या तोंडावर टिकते. नॉब बंद करताना क्षणभर मिश्रणाचा वेग पडतो, रस्सीखेच ज्योत जिंकते, ती भोकातून आत शिरते आणि बर्नरच्या पोटात उरलेलं मिश्रण एकदम पेटतं. तोच तुमचा 'फट्'. बर्नर खूप तापलेला असेल तर हे आणखी सहज होतं.

कधीमधी, बर्नर लालबुंद तापल्यावर, असा हलका आवाज आला तर काळजी नको. रोज, प्रत्येक वेळी येतोय म्हणजे मिश्रण मुळातच संथ आहे. छोट्या बर्नरचा जेट अर्धवट चोंदला असेल तर गॅस कमी येतो, आणि मग ज्योत सिमवर ठेवली की ती भोकात बसूच बघते. माझा पहिला संशय यावर. दुसरा संशय दोनदा बदललेल्या टोपीवर. बाजारातली टोपी तुमच्या बर्नरवर घट्ट, चारी बाजूंनी सपाट बसतेय का, ते बोटाने हलवून बघा. ती डुगडुगत असेल, किंवा तिची भोकं मूळ टोपीपेक्षा मोठी असतील, तर मिश्रणाचा वेग पडतो आणि ज्योतीला आत जायला वाट मिळते.

यातली एक स्थिती खरोखर धोक्याची आहे, ती ओळखायला शिका. कधी ज्योत आत शिरून विझत नाही, थेट जेटच्या तोंडाशी जळत राहते. वर बर्नरवर काहीच दिसत नाही किंवा अगदी फिकट दिसतं, खालून 'सूंऽऽ' असा सततचा आवाज येतो, नॉब गरम लागायला लागतो. लगेच बंद करा. पुन्हा पेटवायच्या आधी पाच-दहा मिनिटं थांबा, बर्नर थंड झाला पाहिजे. वर काच असलेली शेगडी असेल तर हे दुप्पट गंभीर, कारण आग काचेच्या खाली असते.

माझे उस्ताद लालबागच्या गॅस कंपनी लेनजवळ राहायचे. मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे १८६५ साली लागले, ते दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर. त्या गॅसमध्ये हायड्रोजन भरपूर असायचा आणि हायड्रोजनची ज्योत मिथेनच्या कितीतरी पट वेगाने धावते, त्यामुळे मागे शिरायची खोड त्याच्या शेगड्यांना जन्मजात. उस्ताद त्या शेगड्यांवर हात बसवलेले, म्हणून कुठल्याही बर्नरचं आधी ऐकायचे, मग बघायचे. मुंबईत १९५५ साली बर्मा-शेलचा सिलिंडर आला, १९९५ साली महानगर गॅस स्थापन झाली आणि पुढे घरोघरी पाईप पोचला. प्रत्येक इंधनाबरोबर जेट बदलला, भोकं बदलली, पण ऐकायची सवय मी सोडली नाही. चांगल्या ज्योतीचा आवाज बारीक, सलग, रेशमी असतो. फुरफुर, भकभक, शिट्टी यातलं काही आलं की कुठेतरी बिनसलंय.

उलट दोषही माहीत असू द्या, कारण मोठ्या बर्नरवर नवा जेट बसवल्यावर तो दिसू शकतो. ज्योत भोकापासून सुटून वर तरंगते, मध्ये पोकळी दिसते, जोरात फुरफुरते, कधी अर्ध्या गोलावर विझते. याला आम्ही 'ज्योत उचलली' म्हणतो. हवा किंवा दाब जास्त झाला की असं होतं. मिथेनची ज्योत सिलिंडरच्या गॅसपेक्षा जरा संथ, म्हणून पाईपच्या गॅसवर ती लवकर उचलते. वाऱ्यानेही उचलल्यासारखी वाटते. एकविसाव्या मजल्यावर पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारनंतर समुद्रावरचा वारा सरळ ओट्यावर येतो. म्हणून तपासताना पंखा बंद, खिडकी ओढून घेतलेली, आणि टोप न ठेवता बघायचं. बघून झालं की खिडकी परत उघडायची.

संध्याकाळच्या केशरी ठिणग्यांबद्दल निश्चिंत राहा. मिठातला सोडियम ज्योतीत गेला की ती पिवळी-केशरी चमकते. अगदी कणभर पुरतो. मुंबईच्या हवेत खारा अंश असतोच, त्यात तुमची नवी इमारत, प्लास्टरची आणि सिमेंटची धूळ अजून बसायची आहे. सिमेंटमधल्या कॅल्शियमनेही ज्योत केशरी होते. संध्याकाळीच का, तर बहुधा त्याच वेळी तुमच्याकडे झाडलोट होते आणि खिडक्या उघडतात. वांगं किंवा पापड थेट आचेवर भाजताना दिसणारा केशरी भडकाही त्याच जातीचा. ओळखायची खूण सोपी: ठिणग्या येतात-जातात, पूर्ण ज्योतीत कुठेही उठतात आणि बुडाला काळं लागत नाही. हवेअभावीचं पिवळेपण जागचं हलत नाही, टोकाला असतं आणि काळं करतंच. स्वच्छ घासलेली स्टीलची वाटी सांडशीत धरून मिनिटभर ज्योतीच्या टोकाशी ठेवा आणि मग कागदाने पुसा. कागद काळा झाला तर हवेचा दोष, स्वच्छ राहिला तर नाही.

वाटी धरल्यावर तिच्या बुडाला पाणी सुटलेलं दिसेल. पाईपच्या गॅसमध्ये पाणी येतं, अशी समजूत मी किती घरांत ऐकली त्याला गणती नाही. गॅसमधला हायड्रोजन जळून पाणी होतं. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. थंड भांड्यावर ते क्षणभर दिसतं, भांडं तापलं की उडून जातं. पाणी सुटणं हे गॅस जळल्याचं लक्षण आहे, बिघाडाचं नाही.

शेगडी ठीक असूनही पिवळं आणि काळं होण्याचं एक कारण ओट्यावरच असतं. शेगडी पुसायला लागू नये म्हणून बर्नरभोवती ॲल्युमिनियमची फॉइल पसरतात. तिने खालून येणारी हवा अडते. छोटी कढई बसावी म्हणून जाळीवर पत्र्याची चकती ठेवली की तोच प्रकार. गणपतीत मोदकांचं पातेलं इतकं रुंद असतं की ते तिन्ही बर्नरवर पसरतं आणि जाळीची उंची कमी असेल तर ज्योत बुडाखाली चेपली जाते. आतला निळा शंकू थंड धातूला टेकला की जळणं अर्धवट राहतं, मग बर्नर कितीही उत्तम असो. शंकूचं टोक आणि बूड यांत थोडी मोकळी जागा दिसली पाहिजे. अशा वेळी आच थोडी कमी करून बघा.

काकांच्या भट्टीचा प्रश्न मला फार आवडला. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा किंवा शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या. तिथे गॅस आधी हवेत मिसळून येत नाही. कांडी तापते, तिच्यातून ज्वलनशील वाफा निघतात आणि त्या जागेवरच, पंख्याने दिलेल्या हवेत जळतात. कार्बनचे कण तयार होणारच, म्हणून पिवळा रंग अटळ. फरक असा की ते कण पुढे ज्योतीच्या आतच जळून संपतात, कारण हवा भरपूर असते आणि भट्टीची भिंत तापलेली असते. म्हणून काका रंग न बघता ज्योतीची चाल बघत असणार. चांगली पेलेटची ज्योत उजळ पिवळी, चपळ, टोकाला स्वच्छ असते. ती गडद केशरी, लांब, सुस्त होऊन डोलायला लागली आणि टोकाला काळा धूर धरला, की हवा कमी: एक तर पंख्याचा मार्ग राखेने भरलाय, किंवा जाळीवर राख वितळून खडे झालेत, किंवा दार नीट बंद होत नाही, किंवा पेलेट जास्त पडताहेत. पावसाळ्यात आणखी एक कारण असतं: दमट जागेत पेलेट फुगतात, भुसा होतो, तो आधी धुमसतो. गोणी जमिनीवर न ठेवता फळीवर, तोंड बांधून ठेवायला त्यांना सांगा. आणि तोच नियम घरच्या स्वयंपाकाला लावू नका. तुमच्या टोपाचं बूड थंड आहे आणि ते ज्योतीच्या मध्येच बसवलेलं आहे. भट्टीसारखी कण जळायला जागाच नाही.

आता एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगतो. पिवळ्या ज्योतीबरोबर काजळी दिसते, पण कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. गॅसला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम वासाचं द्रव्य घातलेलं असतं, ते ज्योतीत जळून जातं. त्यामुळे 'वास येत नाही म्हणजे सगळं ठीक' हा हिशेब इथे चालत नाही. नव्या टॉवरमध्ये लोक ड्राय बाल्कनीला काचा लावतात, खिडकी एसीसाठी बंद ठेवतात, आणि चिमणी आहे ना म्हणून निर्धास्त असतात. चिमणीचा पाईप इमारतीबाहेर काढलेला नसेल, नुसती जाळीतून हवा गाळून परत खोलीत सोडणारी असेल, तर ती तेलाचा वास कमी करते, ज्वलनाचे वायू बाहेर टाकत नाही. स्वयंपाक करताना डोकं जड होणं, मळमळणं, बाहेर गेल्यावर बरं वाटणं, असं घरात कुणालाही होत असेल तर शेगडी बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि मग डॉक्टर. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर त्याची ज्योतही याच नजरेने बघा. बंद बाथरूममधल्या गीझरने माणसं गेली आहेत. माझ्या ओळखीच्या एका घरात गेलं आहे. गीझर बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत हवा, नाहीतर त्याचा धूर बाहेर नेणारा पाईप हवा.

कामाचा क्रम माझ्या मते असा ठेवा. या रविवारी नळी आणि बर्नर काढून बघा, धुवा, पूर्ण वाळवा, फॉइल काढून टाका. पुन्हा बसवल्यावर सगळे सांधे साबणाच्या फेसाने तपासा. काडी ओढून गळती बघायची नाही. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं उलटली असतील तर बदलून घ्या. एवढ्याने मोठ्या बर्नरची पिवळी बाजू गेली तर तिथे कुंभारीण किंवा जाळं होतं. नाही गेली तर जेट. तेव्हा गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाला बोलवा. मीटरपासून शेगडीच्या कॉकपर्यंतच्या लाईनला इतर कुणी हात लावायचा नाही. त्याला तिन्ही जेट बदलायला सांगा, मोठ्याचा मोठ्याला आणि छोट्याचा छोट्याला, आणि छोट्या बर्नरची टोपी मूळ मापाची मागा. जुने जेट परत मागून घ्या आणि उजेडासमोर धरून भोक बघा. बसवताना त्याने पिशवीतून ड्रिल काढलं, तर तिथेच थांबवा.